सेहेचाळीस म्हणजे कोण कोण? सातारा-सांगलीची युद्धस्मारकं वाचताना

मुंबई इलाख्यातल्या आणि इलाख्याबाहेरच्याही कितीतरी गावांत एक दगडी पाटी आढळते. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या, कुठे देवळाच्या आवारात. तिचा मजकूर ठरलेला असतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव बदलतं, दोन आकडे बदलतात, बाकी सगळं तेच. सरकारी छापील अर्जात रिकाम्या जागा भराव्यात तसं हे वाक्य आहे. कुठल्याशा कचेरीत ते एकदा कुणीतरी रचलं आणि मग हजारो मृत्यू त्यात बसवले गेले.

स्मारकांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. ते कुणाचं असावं, किती उंच असावं, कुठल्या चौकात असावं, यावर तर निवडणुका लढवल्या जातात. स्मारकावरचा मजकूर मात्र कुणी वाचत नाही. ज्या बारकाईनं आपण एखादी कविता वाचतो, तेवढ्याच बारकाईनं ही पाटी वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा उद्योग आहे.

वाक्यात दोन क्रियापदं आहेत, ‘गेले’ आणि ‘दिले’. दोन्हींचा कर्ता गावचे पुरुष. ते आपणहून गेले, आपणहून प्राण दिले. त्यांना नेणारा, बोटीत बसवणारा, मोर्च्यावर उभा करणारा असा दुसरा कुणी या वाक्यात नाही. भरती करणारा सुभेदार नाही, मामलेदार नाही, गावकामगार पाटील नाही. मारणाराही नाही. शत्रूचं नाव नाही, रणभूमीचं नाव नाही. बसरा, कूट, पूर्व आफ्रिका यांतलं काहीच नाही. आणि सगळ्यात मोठी अनुपस्थिती म्हणजे ज्यांच्यासाठी हा दगड घडवला, त्यांचीच नावं नाहीत. मेलेल्यांची संख्या सांगणारं आणि मेलेला कोण होता हे न सांगणारं स्मारक हा खरं तर विचित्र प्रकार आहे. पण शंभर वर्षं तो आपल्या डोळ्यांसमोर असल्यानं त्याचं विचित्रपण जाणवत नाही.

सातारा जिल्ह्यात या आकड्याचं सगळ्यात प्रसिद्ध गाव म्हणजे अपशिंगे. सातारा शहरापासून वीसेक किलोमीटरवरचं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि ब्रिटिश सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारलं. गावाची ओळख तेव्हापासून बदलली. आज सरकारी कागदावरही नाव लिहितात ते ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असं. कंसातला हा शब्द पदवीसारखा आहे. घराघरातून माणूस फौजेत गेलेला, आणि ही परंपरा पुढच्या प्रत्येक लढाईत आणि आजतागायत चालू. वर्तमानपत्रं दर प्रजासत्ताक दिनाला, दर युद्धाच्या बातमीच्या वेळी या गावावर लिहितात. लेखाचा पहिला परिच्छेद ठरलेला असतो, आणि त्यात ४६ हा आकडा असतोच.

हा आकडा मी इतक्या वेळा वाचला आहे की तो आता मला संख्या न वाटता विशेषनाम वाटतो. अडचण तिथेच आहे. ‘सेहेचाळीस’ म्हणजे कोण कोण, हे त्या लेखांपैकी फारच थोडे सांगतात. एका पिढीतले सेहेचाळीस तरुण एका गावातून कमी होणं म्हणजे काय, किती घरांत दिवा लावायला माणूस उरला नाही, किती जमिनी भाऊबंदांकडे गेल्या, किती पोरी माहेरी परत आल्या, हे तर कुणीच नाही. आकडा इतका मोठा आणि इतका गोल गरगरीत अभिमानाचा झाला आहे की त्याच्या आत हात घालणं अपमानासारखं वाटावं. त्या ब्रिटिश पाटीचं व्याकरण आपण असं उचललं आणि आपल्या देशभक्तीला जोडलं. साहेब गेला, वाक्य राहिलं.

आता हे पुरुष गेले कुठे? सातारा आणि रत्नागिरी हे मुंबई इलाख्यातले भरतीचे हुकमी जिल्हे. इथले बरेचसे मराठा पलटणींत जात आणि या पलटणी प्रामुख्यानं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूट गावात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. पकडलेल्या सुमारे तेरा हजारांना वाळवंटातून चालवत नेलं गेलं, आणि त्यातले कितीतरी हिंदी शिपाई वाटेत, छावण्यांत किंवा रेल्वेच्या कामावर मेले. पाटीवरच्या भाषेत या सगळ्याचं रूपांतर ‘प्राण दिले’ असं होतं. उपासमारीनं, हगवणीनं, चालून चालून मेलेला माणूस प्राण देत नाही, त्याचे प्राण जातात. मराठीला हा फरक चांगला कळतो.

जे मेसोपोटेमियात पडले आणि ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून जास्त जणांचं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली एक संख्या आली. म्हणजे साताऱ्याच्या खेड्यातली पाटी आणि बसऱ्याचं स्मारक यांच्यात सूत्र एकच. गोऱ्याला नाव, काळ्याला आकडा. हे माझं राजकीय अनुमान नव्हे. ज्या आयोगाकडे ही स्मारकं आहेत, त्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं २०२१ साली स्वतःच्या चौकशी अहवालात ते मान्य केलं. ४५ ते ५४ हजार आशियाई-आफ्रिकी मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि किमान १ लाख १६ हजारांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असा त्यातला हिशेब आहे. दिल्लीचं इंडिया गेटही यापासून फार दूर नाही. ते सत्तर हजार मृतांचं म्हणून उभारलं, त्यावर नावं तेरा हजारांच्या आसपास.

कुणी म्हणेल, आपल्याकडे नावाचा एवढा सोस होता कुठे? वीरगळ पाहा. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात देवळांच्या आवारात, गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्याहून वर अप्सरा त्याला नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. यांतल्या बहुतेकांवर एक अक्षर कोरलेलं नाही. मग नाव नसलेलं स्मारक ही आपलीच परंपरा नाही का?

हा प्रश्न चांगला आहे, आणि मला वाटतं त्याचं उत्तर वीरगळाच्या रचनेत आहे. वीरगळावर नाव नसतं पण माणूस असतो. एका दगडावर एक वीर. तो कसा मेला हे पहिल्याच चौकटीत दिसतं. गाई वाळवल्या जात असतील तर गाई दिसतात, घोड्यावर असेल तर घोडा. दगड ज्या गावात उभा राहिला, तिथे तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून अक्षरांची गरज नव्हती. पुढे विसर पडला तेव्हाही गावानं त्याला शेंदूर लावून देव केला, आकडा केला नाही. महायुद्धाच्या पाटीवर उलट आहे. अक्षरं आहेत, लिहिता येतं, कागदोपत्री प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, पगार, पेन्शन सगळं नोंदलेलं आहे, आणि तरी दगडावर ते आलं नाही. वीरगळाचं मौन साधेपणाचं आहे. पाटीचं मौन ठरवून केलेलं आहे.

आणि कोरायचंच असेल तर इंग्रजांना हिंदी शिपायांची नावं कोरता येत होती, याचा पुरावा शंभर वर्षं जुना होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ. साताऱ्याचं कोरेगाव नव्हे, पुण्याजवळचं भीमाकाठचं. १८२१-२२ च्या सुमारास कंपनी सरकारनं उभारलेल्या त्या स्तंभावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर आहे, आणि पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं. हे ‘नाक’ महार नावांची खूण. कंपनीला महारांचा गौरव करायचा होता असं मुळीच नाही. तिला आपला विजय मिरवायचा होता. पण दगडावर नावं आली आणि नावांनी आपलं काम केलं. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, आणि साम्राज्याच्या विजयाचा दगड एका समाजाच्या स्वाभिमानाचा दगड झाला. त्या स्तंभावर ‘कंपनीचे ४९ शिपाई पडले’ एवढंच कोरलेलं असतं, तर तो असा पुन्हा वाचता आला असता का? मला नाही वाटत. आकड्याला जात नसते, वंश नसतो, नातू नसतो. नावाला असतो.

हा मुद्दा साताऱ्याशी आणखी एका बाजूनं भिडतो. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी फौजेत होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला राहिलं. आई भीमाबाई तिथेच वारल्या, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीवाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. तोपर्यंत महारांची भरती सरकारनं बंद केलेली होती. ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ इंग्रजांच्या डोक्यात शिरलं होतं आणि त्या यादीत महार बसत नव्हते. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. तेव्हा पाटीवरच्या ‘इतके पुरुष गेले’ या शब्दांमागे ‘कुणाला जाऊ दिलं’ हाही प्रश्न आहे. फौजेतली नोकरी म्हणजे रोख पगार, पेन्शन, गावात मान. माण-खटावच्या कोरडवाहू जमिनीवर पोट भरत नसताना हे दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचं भवितव्य ठरत होतं. ‘शौर्याची परंपरा’ म्हणताना ही भाकरीची बाजू झाकली जाते, आणि ‘गुलामीची खूण’ म्हणताना तर ती साफ पुसली जाते. दोन्ही विशेषणं मला सारखीच आळशी वाटतात. पगारासाठी फौजेत गेलेला शेतकऱ्याचा पोर भाडोत्रीही नसतो आणि राष्ट्रवीरही. त्याला आधी त्याच्या नावानं हाक मारावी, विशेषण मग शोधावं.

आता याच मातीतली दुसरी स्मारकं. ती पहिल्याच्या नेमकी विरुद्ध बाजूची आहेत. ज्या राज्यासाठी अपशिंग्याचे ४६ मेले, त्याच राज्याच्या गोळ्यांनी मेलेल्यांची. आधी एक खुलासा. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असले तरी १९४२ मध्ये इथला ब्रिटिश मुलूख म्हणजे एकच सातारा जिल्हा होता, सांगली हे संस्थान. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून वाळवा, शिराळा, तासगाव, खटाव, कराड हा सगळा एकाच चळवळीचा प्रदेश आहे. स्मारकंही एकाच माळेतली.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या पुढाकाराखाली मोर्चा गेला. गोळीबार झाला आणि नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला, त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले, त्या धामधुमीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. ही नावं मी एका दमात लिहू शकलो, हे लक्षात घ्यावं. ती इथल्या शाळेतल्या पोरांनाही सांगता येतात. चौकांना, वाचनालयांना, पतसंस्थांना ती दिलेली आहेत. १९४२ च्या स्मारकाचं व्याकरणच वेगळं आहे : आधी नाव, मग तारीख, मग मारणारा कोण ते. मरणाला कर्ता आहे, कारण आहे, ठिकाण आहे. सावरकरांच्या नावावर असलेल्या शब्दांत ‘हुतात्मा’ हाही एक शब्द धरला जातो. आहुती दिलेला, असा त्याचा अर्थ. महायुद्धाच्या मृतांना मराठीनं हा शब्द कधी दिला नाही. त्यांच्यासाठी ‘कामी आले’, ‘धारातीर्थी पडले’. अलीकडे सरसकट ‘शहीद’ आला आणि सगळे भेद बुजले.

पण नावं असली की स्मारक जिवंत राहतं, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. १९८० च्या सुरुवातीला अंतुले सरकारनं राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारकं बांधली, एकाच नमुन्याच्या आराखड्यावर. हेतू उत्तम होता. नावांच्या पाट्याही लागल्या. तरी आज बहुतेक ठिकाणी काय दिसतं? कुलूप, वाढलेलं गवत, फुटलेली फरशी, कुठे अंगणवाडी, कुठे पत्त्यांचा डाव. वर्षातून दोनदा झाडलोट. माझ्या मते दोष आराखड्याचा आहे. वडूजच्या गोळीबाराचं स्मारक आणि विदर्भातल्या एखाद्या गोळीबाराचं स्मारक सारखंच दिसत असेल, तर इमारतीला जागेची आठवण राहत नाही. छापील पाटीत गावाचं नाव भरावं तशी छापील इमारत. फरक इतकाच की आता साचा आपल्या माणसानं केला होता.

याला दोन अपवाद मला फार मोलाचे वाटतात. पहिला वाळव्याचा. प्रतिसरकारचे क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांनी आपल्या मारल्या गेलेल्या साथीदाराच्या नावानं पुतळा उभारला नाही, साखर कारखाना उभारला. हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना. आता गंमत अशी की लोकांनी त्याचं नाव ‘हुतात्मा’ एवढंच करून टाकलं. ‘यंदा ऊस हुतात्म्याला घातला’ असं शेतकरी सहज बोलून जातो. स्मारकाच्या दृष्टीनं ही हार की जीत? माणसाचं नाव गळालं हे खरं. पण जो शब्द एरवी १५ ऑगस्टलाच तोंडात येतो, तो उसाच्या दराच्या, तोडीच्या, बिलाच्या भांडणात रोज वापरला जातोय. कवीला साधणार नाही असं काहीतरी यात साधलंय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरा अपवाद शेणोलीचा. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली आणि पैसे घेतले. रुळांलगत त्या घटनेचं छोटंसं स्मारक आहे, आणि त्यावर या माणसांनी ब्रिटिश राज्याशी युद्ध पुकारल्याचा उल्लेख आहे. ‘युद्ध’ हा शब्द महत्त्वाचा. सरकारी दप्तरात हा दरोडा होता. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, नव्वदी ओलांडल्यावरही ‘लूट’ हा शब्द ऐकून घेत नसत. इंग्रजांनी लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते पी. साईनाथ यांना ठणकावून सांगत. स्मारकाच्या मजकुराबद्दल इतका जागरूक माणूस मला दुसरा माहीत नाही. एका शब्दासाठी तो शेवटपर्यंत भांडत राहिला, कारण त्या शब्दावरच ठरणार होतं की शेणोलीचा तो दगड युद्धस्मारक आहे की गुन्ह्याची जागा. तुफान सेना, कॅप्टन, फील्ड मार्शल जी. डी. बापू लाड : ही सगळी फौजी परिभाषा वाचताना आठवण होते ती अपशिंग्याची. कवायत, हुद्दे, शिस्त ही भाषा या जिल्ह्याला घरचीच होती. साहेबाच्या फौजेतून ती आली आणि साहेबावरच उलटली.

दोन बाजूंची स्मारकं जिथे एकमेकांना शिवतात, ती जागा म्हणजे नानकसिंग. दुसरं महायुद्ध संपल्यावर नागनाथअण्णांनी आझाद हिंद सेनेतल्या नानकसिंग आणि मन्सासिंग यांना इकडे आणलं, पोरांना शस्त्रं शिकवायला. शिराळ्याच्या बाजूला मणदूर-सोनवडेच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली, तिच्यात किसन अहिर आणि नानकसिंग मारले गेले. आझाद हिंद सेनेतला एक परप्रांतीय सैनिक वारणेच्या खोऱ्यात पडतो, आणि साताऱ्याचा मराठा तैग्रिसच्या काठी. नानकसिंगांचं नाव वाळव्याच्या माणसांनी जपलं. परक्या मुलखात मेलेल्या आपल्या माणसांची नावं तिथल्या कुणी जपली नाहीत म्हणून तक्रार करण्याआधी, आपण स्वतः ती जपली का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

साहित्यानं तरी हे काम केलं का? हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरींनी १९१५ सालीच ‘उसने कहा था’ लिहिली. फ्रान्सच्या खंदकातला शीख जमादार त्या कथेमुळे आजही जिवंत आहे. मुल्कराज आनंदांची याच खंदकांवरची इंग्रजी कादंबरी १९३९ ची. त्याच वर्षी मराठीत विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ आलं. मराठीतली युद्धाची सावली असलेली सगळ्यात मोठी कादंबरी, पण तिचा नायक सुशिक्षित, प्रवासी, बोटीवरचा. कॅप्टन गो. गं. लिमये यांचं ‘सैन्यातील आठवणी’ आहे, आणि ते वाचनीय आहे, पण ते फौजेतल्या डॉक्टरचं. खंदकातल्या साध्या मराठी शिपायाची जागा आपल्या वाङ्मयात रिकामी राहिली. आणि ती केवळ निरक्षरतेमुळे रिकामी राहिली असं म्हणता येणार नाही. याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९४३ मध्ये स्टॅलिनग्राडचा पवाडा रचतात. कुठलं रशियातलं शहर, कुठला मातंगवाड्यातला शाहीर. पण त्यांना त्या युद्धात आपली बाजू दिसली, म्हणून पवाडा झाला. कूटच्या वेढ्यात आपली बाजू कुठली, हेच ठरवता येत नव्हतं. राष्ट्रवाद्यांना ती माणसं अडचणीची, सत्यशोधकांना संशयाची, साहेबाला फक्त मोजण्यापुरती. बाजू नसलेल्या मरणाचा पवाडा होत नाही. बायकांनी जात्यावर काय म्हटलं असेल ते वेगळं. ओवीत लेकाचं, भावाचं नाव घालायची रीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आता सगळ्यांना खुल्या आहेत. युद्धस्मारकांवर लिहिणाऱ्यांनी त्या दिशेला जायला हवं.

नावं मिळवायची तर मिळू शकतात. बसऱ्याच्या दगडावर जी कोरली नाहीत, ती आयोगाच्या यादीत आहेत, आणि ती यादी आज घरबसल्या शोधता येते. कित्येक नोंदींत शिपायाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा एवढं सगळं असतं. पंजाबात हे काम झालं. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या महायुद्धाच्या गाववार नोंदवह्यांतली सुमारे ३ लाख २० हजार नावं लोकांसमोर आली आणि लंडनमधल्या नातवंडांनी त्यांत आपले पणजोबा शोधले. साताऱ्याचं काम त्याहून किचकट आहे. रोमन लिपीत नाव गेलं की ते ओळखीपलीकडे जातं, जाधवांचा यादव होतो, गावाच्या नावाची तर अशी मोडतोड होते की मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. ते उलगडायला जिल्हा सैनिक कार्यालयातला बाबू पुरणार नाही. गावची भाऊबंदकी ठाऊक असलेली म्हातारी माणसं लागतील, जुने सातबारा आणि फेरफार लागतील, जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकातल्या मोडी नोंदी वाचणारं कुणीतरी लागेल, आणि ती यादी एकेक नाव करून चावडीत मोठ्यानं वाचावी लागेल.